यूकेजीसाठी मुलाला मॉन्टेसरीतून काढू नये असे मला का वाटते : तिसऱ्या वर्षाचा आमचा अनुभव

वडगावकर

आमची धाकटी मुलगी या मार्चअखेर बेळगावातील एका मॉन्टेसरी बालघरातून बाहेर पडली आणि जूनमध्ये ती पहिलीत जाईल. बरोबर एक वर्षापूर्वी आम्ही दोघे नवरा-बायको तिला तिथून काढून एखाद्या मोठ्या शाळेच्या यूकेजीत घालण्याच्या तयारीत होतो. नात्यातल्या सगळ्यांचे म्हणणे एकच होते की यूकेजीला आत शिरले तरच पहिलीत जागा मिळते, नंतर दार बंद होते. फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. शेवटी सासऱ्यांनी तो भरू दिला नाही, आणि त्यांचे ऐकले याचे आज मनापासून समाधान वाटते. आपल्या भागातील अनेक पालक दर मे महिन्यात याच विचारात अडकलेले असतात, म्हणून हे वर्ष आमच्या घरी कसे गेले ते सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते की मॉन्टेसरीच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात आणि हा तीन वर्षांचा एकच सलग टप्पा मानला जातो. इतर शाळांत ज्याला यूकेजी म्हणतात ते इथले तिसरे वर्ष. पहिल्या दोन वर्षांत घरी दाखवण्यासारखे फारसे काही येत नाही, ही गोष्ट खरी आहे. मुलगी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतायला शिकली, चौकटीवरची बटणे लावायला शिकली, दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा रचायला शिकली, आणि खरखरीत अक्षरांवरून दोन बोटे फिरवत राहिली. शेजारच्या मुलाच्या वह्या भरत होत्या आणि आमच्याकडे एकही वही नव्हती. आम्ही घाबरलो ते त्यामुळेच.

तिसऱ्या वर्षी जे झाले ते मी आकड्यांपासून सांगते, कारण तिथे मला आपल्या भाषेविषयीही काहीतरी कळले.

या वर्गात सोनेरी मण्यांचे साहित्य असते. एक सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेली दहा मण्यांची दांडी म्हणजे दहा, अशा दहा दांड्यांचा चौरस म्हणजे शंभर, आणि दहा चौरसांचा घन म्हणजे हजार. मुले तबक घेऊन 'बँके'त, म्हणजे या साहित्याच्या साठ्याकडे, जातात आणि सांगितलेली संख्या मोजून आणतात. ऑगस्टमध्ये आमची मुलगी पंचवीस ऐकले की ५२ लिहीत असे. मी घरी दोन-तीन वेळा रागावले, ही माझी चूक होती. बालघरातील ताईंनी मला बसवून समजावले की ती ऐकते तेच लिहीत आहे. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. त्यांनी तिला खोडून दाखवले नाही. दशकांची फळी दिली, जिच्यावर २० लिहिलेले असते आणि शून्यावर ५ ची पट्टी सरकवून बसवावी लागते, आणि शेजारी दोन दांड्या व पाच सुटे मणी मांडायचे असतात. काही आठवडे ती रोज तेच काम घेत होती.

तिच्या वर्गात एक कन्नड घरातला मुलगा आहे. तो तीच संख्या मांडताना 'इप्पत्तैदु' म्हणतो, म्हणजे आधी वीस, मग पाच. एके दिवशी घरी येऊन ती आजीला सांगत होती, "तो आधी दांड्या ठेवतो आणि मी आधी मणी ठेवते, पण तबकात दोघांचे सारखेच होते." स्थानिक किंमत म्हणजे काय, हे मला शाळेत चौथीपर्यंत नीट उमगले नव्हते.

एकोणतीसची गोष्ट तर त्याहून पुढची आहे. आजीने तिला सांगितले होते की एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. म्हणून ती बँकेतून तीन दांड्या घेऊन आली आणि ताईंना विचारू लागली की यातला एक मणी कसा काढायचा, कारण मणी तर तारेत पक्के बसवलेले असतात. ताई म्हणाल्या, बँकेत जाऊन एक दांडी मोडून आण. तिने दांडी देऊन दहा सुटे मणी घेतले, त्यातला एक परत ठेवला आणि तबकाकडे बघून मोजले. दोन दांड्या, नऊ मणी. हातच्याची वजाबाकी शिकवण्याआधीच ती करून मोकळी झाली होती.

वाचनाचे नंतर लिहीन. आधी कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे.

निपाणीकर

आपले लिखाण मनाला भिडले, कारण आम्ही नेमके उलटे केले. मुलगा दोन वर्षे मॉन्टेसरीत होता. तिसऱ्या वर्षी त्याला काढून इंग्रजी माध्यमाच्या यूकेजीत घातले. वाईट झाले असे म्हणणार नाही. तो तिथे रुळला, शंभरपर्यंत आकडे न चुकता लिहितो आणि त्याच्या बाईही मायाळू आहेत. पण पूर्वी आमच्याकडे कोणी लहान मूल आले की तो त्याचे चप्पल सरळ लावून देत असे, पाणी हवे का विचारत असे. बालघरात त्याला मोठ्या मुलांनी तसेच सांभाळले होते. ज्या वर्षी त्याची मोठे होण्याची पाळी आली त्याच वर्षी आम्ही त्याला अशा वर्गात नेऊन बसवले, जिथे चाळीस मुले एकाच वयाची आहेत आणि कोणी कोणाला काही शिकवायचे नसते. हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

दोन शंका आहेत. पहिलीच्या प्रवेशासाठी शाळा मुलांची मुलाखत घेतात, तिथे आपल्या मुलीचे कसे झाले? आणि कन्नडचे काय केले? आपल्याकडे ती पुढे शिकावीच लागते.

वडगावकर

मुलाखतीचा अनुभव चांगला नव्हता. शाळेचे नाव लिहीत नाही. मुलीला ए ते झेडची मोठी अक्षरे ओळीने लिहायला सांगितली. तिला इंग्रजीची छोटी अक्षरे त्यांच्या आवाजांनी येतात आणि त्यांतून ती लहान शब्द जुळवते, पण मोठ्या अक्षरांची ओळ तिने कधी घोकलेली नव्हती. ती जीपर्यंत लिहून थांबली. समोरच्या बाईंनी तिच्यादेखत मला सांगितले की मुलगी कच्ची आहे. रिक्षात ती मला विचारत होती की कच्ची म्हणजे काय. त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही आणि त्याचा सल अजून आहे. नंतर दुसऱ्या शाळेत काहीही न विचारता प्रवेश मिळाला.

अनगोळ_वाचक

याबाबत कायद्यात काय आहे ते पालकांना ठाऊक असावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा आहे आणि त्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले आहे, आणि आपल्या भागात भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा बऱ्याच आहेत, म्हणून शाळा कोणत्या प्रकारची आहे ते आधी विचारून घ्यावे.

वयाचेही सांगतो. पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावीत असा आदेश कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये काढला. तो २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता, पण त्या एका वर्षापुरती पाच वर्षे पाच महिन्यांची सवलत देण्यात आली. सहा वर्षांचा नियम धरला तर तिसरे वर्ष पूर्ण करूनच मूल पहिलीत जाते, मध्ये कुठे वर्ष वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही.

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. माझी बोली मराठी, पत्नीचे माहेर गोकाककडचे आणि घरात कन्नड. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला आधी कोणती अक्षरे द्यावीत?

खानापूरच्या_बाई

मी तीस वर्षांहून अधिक काळ खानापूर तालुक्यात बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. या धाग्यात दोन-तीन गोष्टी सविस्तर सांगाव्याशा वाटतात.

अक्षरांविषयी प्रथम. मुलाला ज्या भाषेत झोपेत बोलता येते त्या भाषेपासून सुरुवात करावी. आपल्या घरी दोन्ही भाषा असतील तर आई तिच्याशी ज्या भाषेत बोलते ती आधी घ्यावी आणि दुसरी नुसती कानावर पडू द्यावी. दुसरी लिपी तिसऱ्या वर्षी आणली तरी चालते, कारण तोवर बोटाला वळणाची सवय झालेली असते आणि आवाजासाठी खूण असते ही मूळ गोष्ट मुलाला कळून चुकलेली असते, ती पुन्हा शिकवावी लागत नाही. माझ्याकडच्या मुलांना कन्नड अक्षरांची गोलाई फार आवडायची. आपले अक्षर शिरोरेषेला लोंबते आणि कन्नडात बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर तलेकट्टु नावाची छोटी खूण असते. मुले दोन्हींना 'अक्षराची टोपी' म्हणत. एवढे लक्षात ठेवावे की दोन्ही लिप्यांच्या पाट्या एकाच खोक्यात मिसळू नयेत, त्यांचे लाकूड किंवा रंग वेगळा असावा.

वडगावकरताई, आपण पंचवीस आणि ५२ चे लिहिले ते वाचून फार बरे वाटले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा पद्धतीने संख्या वाचण्याची सोय दिली, तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलांची अडचण खरी आहे, याविषयी मला शंका नाही. पण माझ्या अनुभवात पंचवीस हा शब्द टाकून द्यावा लागला नाही, कारण हातात दोन दांड्या आणि पाच मणी असले की शब्द उलटा असो वा सुलटा, मुलाची फसगत होत नाही. अडचण येते ती हातात काहीच न देता थेट पाटीवर संख्या लिहायला लावल्याने.

आता तिसऱ्या वर्षाविषयी. मारिया मॉन्टेसरी या मूळच्या डॉक्टर. त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालघर उघडले, आणि तिथल्या मुलांबाबत त्यांना दिसले ते असे की मुले वाचण्याआधी लिहू लागतात. अनेक महिने अक्षरांवरून बोट फिरवण्यात आणि आकृत्यांच्या आत पेन्सिलीने रेघा भरण्यात जातात, आणि मग एके दिवशी मूल आपणहून लिहिते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हे अचानक झाले. खरे तर दोन वर्षांची पुंजी त्या दिवशी हाती येते. ती हाती येण्याचा काळ बहुधा पाच ते सहा वर्षे हाच असतो, आणि आपले पालक मुलाला नेमके त्याच्या उंबरठ्यावरून उचलतात. भात पोटरीला आल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या बेतात असताना, शेत सोडून जाणारा शेतकरी आपल्या खानापुरात सापडणार नाही.

ही पद्धत श्रीमंतांची आहे असेही नेहमी ऐकायला मिळते. मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांना इथेच राहावे लागले, पण त्याच्या कितीतरी आधी गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई मोडक तिथे जाऊन शिकल्या, आणि दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन बालवाडी भरवली. तिथे परदेशी लाकडी साहित्य कोठून येणार? बिया, शिंपले, काटक्या, माती यांवरच सारे काम झाले. मीही चिंचोके आणि तुरीच्या काटक्या वापरून काम केले आहे. तत्त्व एकच की साहित्याने मुलाला त्याची चूक स्वतः दाखवली पाहिजे, बाईंनी दाखवायची वेळ येऊ नये.

निपाणीकर

बाई, आपण लिहिलेले मी घरी वाचून दाखवले. एक विचारतो. आमच्याकडे आता गल्लीगल्लीत मॉन्टेसरी नावाच्या पाट्या लागल्या आहेत. धाकट्या मुलीसाठी शाळा बघायची आहे, खरी कोणती हे ओळखायचे कसे?

खानापूरच्या_बाई

मॉन्टेसरी या नावावर कोणाची मालकी नाही, म्हणून पाटीवरून काहीच ठरत नाही. सकाळी नऊच्या सुमारास जाऊन अर्धा तास कोपऱ्यात बसू देतात का ते आधी विचारा. तिन्ही वयांची मुले एका खोलीत आहेत का ते बघा, कारण लहान-मोठ्यांचे वर्ग वेगळे केले की अर्धी पद्धत तिथेच संपते. सलग तीनेक तास मुलाला आपले काम करू देतात की दर अर्ध्या तासाला घंटा वाजते? प्रत्येक साहित्य एकेकच आहे का? ते तसेच असायला हवे, म्हणजे दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबणे मूल शिकते. आणि बाई कुठे आहेत ते पाहा. फळ्यासमोर उभ्या असतील तर दुसरी शाळा बघा, एखाद्या मुलाशेजारी चटईवर बसलेल्या असतील तर तिथे आणखी अर्धा तास थांबा.

वडगावकर

बाई, आपण पोटरीचे लिहिलेत ते सासऱ्यांना वाचून दाखवले, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाचनाचे राहिले होते ते लिहिते. वर्गात सुटी अक्षरे खणांच्या पेटीत असतात आणि मुले ती चटईवर मांडून शब्द जुळवतात. लिहिण्यासाठी पेन्सिल धरायची गरज नसल्याने हाताच्या आधी डोके पुढे जाऊ शकते. आमच्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीनंतर 'चिमणी' जुळवली तेव्हा पहिली वेलांटी च च्या पुढे ठेवली, कारण आवाज त्याच क्रमाने येतो, आधी च आणि मग इ. ताईंनी ती तशीच राहू दिली. आठ-दहा दिवसांनी वाचनाच्या पट्टीवर तोच शब्द आला, तेव्हा तिने पट्टी आणि आपली चटई शेजारी ठेवून पाहिले आणि वेलांटी उचलून मागे नेली. त्यानंतर ती चूक तिच्याकडून झालेली नाही. 'चमचा' आणि 'चहा' यांचा च वेगळा का वाजतो आणि अक्षर एकच का, हाही तिचा प्रश्न होता. ताईंनी तिला असे शब्द गोळा करायला सांगितले. स्वयंपाकघरात ती माझ्या मागे मागे फिरून चकली, चिंच, चाळण, चिवडा असे शब्द दोन ढिगांत लावत होती.

तिने जुळवलेले पहिले पूर्ण वाक्य होते, 'आजी कांड्या भरते'. आमच्या घरी अजून दोन माग चालतात आणि त्यांना लागणाऱ्या सुताच्या नळ्या, म्हणजे कांड्या, सासूबाई भरतात. सासूबाई अक्षरओळख असूनही सहसा काही वाचत नाहीत. ते वाक्य ताईंनी कागदावर उतरवून घरी पाठवले, ते त्यांनी माग असलेल्या खोलीत भिंतीला चिकटवले आहे.

जानेवारीपासून वर्गात मोठे होण्याचे काम तिच्याकडे आले. जूनमध्ये आलेला एक तीन वर्षांचा मुलगा पावसाळाभर दाराशी रडत असे. त्याचा रेनकोट काढणे, घडी करणे, खुंटीला लावणे हे तिने आपल्याकडे घेतले होते, आणि तो आता तिच्याकडून गुलाबी मनोरा शिकत होता. मी एकदा खिडकीतून पाहिले. त्याने मोठा ठोकळा लहानावर ठेवला आणि मनोरा कलला. तिचा हात पुढे आला, मग तिने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. मी तिची आई असून मला तेवढे थांबता आले नसते.

अनगोळ_वाचक

बाई आणि वडगावकरताई, दोघींचे आभार. पत्नीशी बोलून कन्नड अक्षरांपासून सुरुवात करायचे ठरवले आहे, आणि मराठी मी बोलत राहीन. घरी थोडेफार साहित्य करावे असे मनात आहे. खरखरीत अक्षरे आणि मोजणीचे काही घरच्या घरी करता येईल का?

वडगावकर

नक्की करता येते. अक्षरांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक दाण्याचा पॉलिश पेपर घ्यावा, फार भरड घेतला तर बोट सोलवटते आणि मूल पुन्हा हात लावत नाही. कागदाच्या मागच्या बाजूला अक्षर उलटे आखून कापावे आणि गुळगुळीत प्लायच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर चिकटवावे. लिहितो त्याच दिशेने तर्जनी आणि मध्यमा अशी दोन बोटे फिरवून दाखवावीत आणि त्या वेळी अक्षराचा आवाज म्हणावा. एका वेळी दोन-तीनच अक्षरे घ्यावीत, आणि ती दिसायला एकमेकांपासून अगदी वेगळी असावीत.

मोजणीसाठी आमच्याकडे सासऱ्यांनी फळीचे दहा खण करून दिले होते आणि त्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहिले होते. बालघरात यासाठी लाकडी चात्या, म्हणजे सूतकताईच्या चातीसारख्या काड्या, असतात, आम्ही मागाच्या रिकाम्या कांड्या घेतल्या. प्रत्येक खणात आकड्याइतक्या कांड्या मोजून रबराने बांधायच्या आणि शून्याचा खण रिकामा ठेवायचा. सगळ्या मिळून ४५ लागतात. आता आमच्या मुलीला त्याची गरज नाही, तेव्हा रविवारी सकाळी येऊन खण आणि कांड्या दोन्ही घेऊन जावे. नेल्यावर घरी एकदा मोजून घ्यावे, कारण एखादी कमी पडली तर नऊच्या खणात आठच उरतात आणि मूल आधीचे सगळे खण सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजत बसते. आमची अशीच एकदा पाऊण तास बसली होती, आणि कांडी सापडली ती मागाखाली.